तिसरी शिट्टी

"बाई, यंदा फायनलले तुम्ही उभ्या राहसान काय?"

सरांनी हे विचारलं तेव्हा मी आमच्या मुलींच्या शाळेच्या ओट्यावर बसून रिंगच्या फाटक्या जाळीला दोरी ओवत होते. उभ्या राहसान म्हणजे बायकांच्या बाजूला, गर्दी आवरायला, असं मला वाटलं. मी म्हटलं, "राहीन की, सर. पाण्याचं पण बघते."

"पानी नाही हो बाई. शिट्टी. पंच म्हनून."

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. सर थट्टा करणाऱ्यातले नव्हते. पुरुषांच्या खुल्या सामन्यांची फायनल, जिनिंग फॅक्टरीच्या बाजूचं मैदान, निम्मं मलकापूर तिथं लोटलेलं, आणि त्यात मी पंच! मी एवढंच विचारलं, "कोणाच्या जागी?"

"कोनाच्याच जागी नाही. यंदा तीन पंच राह्यतीन. मी, पार्सलबाबू अन् तुम्ही."

हा दुसरा धक्का. बास्केटबॉलला पंच दोन असतात. पुस्तकात दोन, अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना आम्हाला शिकवलेले दोन. तीन पंच मी पाहिले नव्हते आणि कोणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. तसं म्हटलं तर सर म्हणाले, "खो-खोले चालतात, कबड्डीले तं लाइनच राह्यते पंचाइची. मंग यालेच काऊन नाही?"

सर मुलांच्या हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं शिडशिडीत, खाकी पँट आणि पांढरा शर्ट. कुठंही बास्केटबॉलचा सामना असला की शिट्टी सरांची, असं जिल्ह्यात ठरूनच गेलेलं होतं. कोणी कप्तान त्यांच्याशी वाद घालत नसे. बोलणाऱ्याकडे सबंध मान वळवून बघायची त्यांना सवय होती, आणि तसं बघितलं की समोरचा निम्म्यात गप्प होई. त्यांची पोरं वर्गात त्या मान वळवण्याची नक्कल करीत.

पण मागच्या वर्षीच्या फायनलला विपरीत घडलं होतं. बोर्डाखाली उडी मारताना बाहेरगावच्या संघातल्या एका उंच खेळाडूच्या तोंडावर आमच्या गावच्या कोणाचं तरी कोपर बसलं. त्याचे पुढचे दोन दात मातीत पडले. सर तिथंच, हाताच्या अंतरावर उभे होते आणि शिट्टी वाजली नाही. दुसरे पंच पार्सलबाबू, ते लांब दुसऱ्या टोकाला होते. तेवढ्यात आमच्या संघानं बॉल रिंगमध्ये टाकला आणि आमचं गाव जिंकलं. मग दगड सुरू झाले. पोलीस आले. बाहेरगावचे लोक जाताना ओरडत होते की मास्तरनं आपल्या गावची बाजू घेतली. सरांवर तसा आळ आयुष्यात पहिल्यांदा आला होता. त्यामुळे सामने भरवणाऱ्या मंडळींना तीन पंचांची कल्पना पटली असणार. तिसरा पंच बाई आहे हे मात्र सरांनी त्यांना कधी सांगितलं, कसं सांगितलं, हे मला आजही माहीत नाही.

मी मोताळ्याजवळच्या एका खेड्यातली. घरी शेती. मलकापूरला मामाकडे राहून नोकरी करत होते. त्या दिवशी घरी जाऊन मामीला सांगितलं तर तिच्या हातातला पोळपाट खाली आदळला.

"मायबाई! मानसाइच्या मधात पळशीन तू? अन् घालशीन काय?"

"कोर्सला घालत होते तेच. पांढरा सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट."

"बूट!" मामीला सगळ्यात जास्त धक्का बुटांचा बसला. मामा मुकाट्यानं जेवत होता. हात धुताना त्यानं एकच विचारलं, "पंचाले कोनी मारत गिरत तं नाही नं?"

मी नाही म्हटलं. मागच्या वर्षीचे दगड त्यानंही पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आधी तालीम सुरू झाली. पार्सलबाबू मलकापूर स्टेशनात पार्सल हपिसात कारकून होते. गोल, हसतमुख माणूस. पळायला लागले की आधी पोट निघे, मग ते. मला मैदानावर बघून त्यांना नवल वाटलं नाही, निदान त्यांनी दाखवलं नाही. "या बाई," म्हणाले, "आता तीन जनांत मिळून शिव्या खाऊ, माया वाट्याच्या कमी होतीन."

सरांनी चुन्याच्या फक्कीनं मैदानावर एक मोठा त्रिकोण आखला. एक पंच बोर्डाखाली, एक खेळाच्या मागं, एक बाजूच्या रेघेवर. खेळ जसा सरकेल तसा हा त्रिकोण सरकला पाहिजे. कोपरा कुठलाही असो, तो रिकामा पडता कामा नये. आधी बॉलच नव्हता. आम्ही तिघं नुसते त्या रिकाम्या मैदानावर या बोर्डाकडून त्या बोर्डाकडे पळायचो आणि थांबलो की एकमेकांकडे बघायचो. मैदानाचा एक बोर्ड स्टेशनकडे होता, दुसरा जिनिंगकडे. जिनिंगमधून उडालेला कापूस फक्कीच्या रेघांवर येऊन चिकटायचा. कापूसगाड्या घेऊन आलेले गाडीवाले कुंपणाला टेकून आम्हाला बघायचे. त्यांना वाटत असेल, ही तीन शहाणी माणसं विनाकारण का पळून राहिलीत.

मग सरांनी माझ्या शाळेच्या मुली खेळायला बोलावल्या. मी शिट्टी तोंडात धरून बाजूच्या रेघेवर. खेळ सुरू झाला, एक मुलगी पळाली, बॉल रिंगमध्ये गेला. सरांनी खेळ थांबवला आणि सबंध मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बॉल आत गेला तवा लाल रिबीनवाली काय करून राह्यली होती?"

मला सांगता येईना. मी बॉलकडे बघत होते.

"तिनं पुढचीचा फ्रॉक धरून ठेवला होता. तुमच्या समोर. पाच पावलांवर."

मी लाल रिबीनवालीकडे बघितलं. ती लाजून हसत होती. खरंच धरला होता. माझ्या डोळ्यांसमोर झालेली गोष्ट मला दिसलीच नव्हती. कॉलेजात मी चांगली खेळाडू होते, खेळ मला कळतो असा माझा समज होता. त्या सकाळी सरांनी असं सात-आठ वेळा विचारलं, आणि दर वेळी मी रिकामी. रडू यायचं बाकी राहिलं होतं.

"बॉल पाहाले पब्लिक हाये, बाई," सर म्हणाले. "पंचानं बॉल पाहू नाही. ज्याच्या जागेत बॉल हाये, थो एकटा बॉल पाहीन. बाकी दोघाइनं मानसं पाहाची. तिसरा पंच कायले पायजे? जे कोनीच पाहत नाही थे पाहाले."

मग हळूहळू जमायला लागलं. शिट्टी दातात चावायची नाही, ओठात धरायची. आधी छातीत हवा, मग डोळे, मग शिट्टी. वाजवली की हात वर, मूठ बंद, आणि पळत जाऊन खेळाडूपाशी थांबायचं, लांबून बोट दाखवायचं नाही. दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर दोघांनी आधी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. ज्याच्या समोर घडलं तो बोलेल, दुसरा गप्प. पार्सलबाबूंची आणि माझी शिट्टी सारखी एकदम वाजायची. सरांची आणि माझी कधीच वाजली नाही. मला वाटायचं, त्यांचा अनुभव.

फायनल आठवड्यावर आली होती. त्या सकाळी पार्सलबाबूंची ड्यूटी होती म्हणून आम्ही दोघंच होतो. सर बाजूच्या रेघेवर माझ्याकडे तोंड करून मला काहीतरी समजावत होते. मैदानात मुली आपापसात बॉल फेकत होत्या. एकीच्या हातून बॉल सुटला आणि सरांच्या डाव्या बाजूनं सरळ त्यांच्या तोंडावर आला. मी ओरडले, "सर!"

ते हलले नाहीत. बॉल जोरात कानशिलावर बसला, चष्मा उडाला, सर एका गुडघ्यावर खाली आले. मी धावले. चष्मा उचलून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बॉल येताना त्यांची पापणीसुद्धा हलली नव्हती. माणूस बेसावध असला तरी शेवटच्या क्षणी तोंड चुकवतो, निदान डोळे मिटतो. सर तसेच माझ्याशी बोलत राहिले होते, जणू त्या बाजूला भिंत होती.

मी काय केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून उभी राहिले आणि हात वर केला. त्यांना कळलं नाही. ते चष्मा पुसत होते. मी हात त्यांच्या डोळ्यापाशी नेला. तरी नाही.

"सर," मी म्हटलं.

त्यांनी सबंध मान वळवली. माझा हात तिथंच हवेत होता. त्यांनी हात बघितला, मग मला. मुलींना त्यांनी पाणी प्यायला पाठवलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं होत आले. पहिले धूर धूर दिसे. मंग एक दिवस सकाळी काहीच नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, या डोळ्यात आता काही येत नाही."

"दोन वर्षं? म्हणजे मागच्या वर्षी... ते दात..."

"माया डाव्या बाजूले झालं थे. आवाज आयकू आला. वळलो तवा पोरगा खाली पडेल होता."

ज्या माणसाच्या शब्दावर सगळा जिल्हा माना डोलवत होता, त्याला अर्धं मैदान दिसतच नव्हतं! त्यांचं ते प्रसिद्ध मान वळवणं, पोरं ज्याची नक्कल करायची, ती ऐट नव्हतीच. मला राग आला, कीव आली, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे भीती वाटली. आता हे मला ठाऊक झालं होतं.

"मग सोडायची ना पंचगिरी, सर. त्याच दिवशी."

"सोडतोच हाये. याच फायनलनंतर. पन ज्या मैदानावर थो पोरगा पडला, तिथं एक सामना मले नीट करून द्याचा हाये. एकट्याच्यानं होत नाही. बाबू चांगला मानूस, पन थो बॉलच पाहते." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मागल्या वर्सी तुम्ही बायाइच्या बाजूले होत्या. सगळं पब्लिक बॉल पाहून राह्यलं होतं. तुम्ही एकट्या उठून उभ्या राह्यल्या अन् 'कोपर, कोपर' म्हनून ओरडल्या. उजव्या बाजूले होत्या, म्हनून दिसल्या मले."

मला ते ओरडणं आठवत होतं. कोणी ऐकलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तालमीला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून मामीला सांगितलं. मामीला बरं वाटलं. तिला वाटलं, पोरीचं खूळ गेलं. मी पडल्या पडल्या विचार करत होते की हे सामने भरवणाऱ्यांना सांगावं का. सांगितलं तर सर संपले. न सांगितलं आणि पुन्हा कोणाला लागलं तर? विचार करता करता माझ्या डोक्यात ते मैदान फिरायला लागलं. सर पूर्वेच्या रेघेवर. खेळ जिनिंगकडे गेला की मैदान त्यांच्या उजव्या हाताला. खेळ स्टेशनकडे उलटला की तेच मैदान डाव्या हाताला, म्हणजे सगळा अंधार. मी उठून बसले.

त्यानंतरच्या सकाळी मी गेले आणि सरांना बाजूला घेऊन सांगितलं. "स्टेशनकडे जाताना तुम्ही मागं रेंगाळायचं नाही. सरळ पुढं पळायचं आणि बोर्डाच्या रेघेवर, त्याच कोपऱ्यात, मैदानाकडे तोंड करून उभं राहायचं. मग डाव्या हाताला नुसतं कुंपण राहतं. सगळं मैदान उजवीकडे. तुम्ही पळत असाल तेवढ्या वेळापुरती तुमची बाजू मी बघते."

सर त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मान न वळवता त्यांनी सगळ्या मैदानावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "हे मले दोन वर्सांत सुचलं नाही."

पार्सलबाबूंना आम्ही काही सांगितलं नाही. ते एकदोनदा म्हणाले की सर सारखे त्याच रेघेवर का, जागा बदलायला पाहिजे; सर म्हणाले की तीन पंचांत अशीच पद्धत असते. पद्धत कोणालाच माहीत नसल्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

फायनलच्या दिवशी मी पांढऱ्या कपड्यांत मैदानावर पाऊल ठेवलं आणि एवढा मोठा जमाव एकदम गप्प झाला. असा सन्नाटा मी पुन्हा कधी अनुभवला नाही. मग एका कोपऱ्यातून कोणी शीळ घातली आणि सगळीकडून हलकल्लोळ उठला. "बाई! बाई हो!" बाहेरगावचा कप्तान सरांपाशी आला. "सर, ह्या कोन?" "पंच," सर म्हणाले. "मले जे विचारसान थे त्याइले विचारजा." त्यांच्या संघात तो उंच खेळाडू होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा पुढच्या दोन दातांची मोकळी जागा दिसली. आणि बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, डोक्यावरून पदर घेऊन मामी बसली होती. येणार नाही म्हणून तिनं सकाळीच शपथ घेतली होती.

माझी पहिली शिट्टी कोणालाच ऐकू गेली नाही. नेमकी त्याच क्षणी मेल गाडी शिट्टी देत स्टेशनात शिरली. मी हात वर करून उभी आणि खेळाडू खुशाल खेळतायत. लोक हसून लोटपोट. मी पळत जाऊन बॉल हातातच धरला, तेव्हा खेळ थांबला. त्यानंतर भीती गेली. किती वेळ झाला, कोण किती पुढं आहे, मला काही कळत नव्हतं. मी फक्त माणसं बघत होते. कोणाचा हात कोणाच्या शर्टाला, कोणाचा पाय कोणाच्या पायापुढं. स्टेशनकडे खेळ उलटला की पूर्वेच्या रेघेवरून सर मान खाली घालून पळायचे आणि मी त्यांची बाजू डोळ्यांनी पुसून काढायची. दोनदा आम्ही दोघांनी एकदम शिट्टी वाजवली. एकमेकांकडे बघितलं. सरांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू बघितलं.

शेवटची थोडी मिनिटं राहिली होती. आमचं गाव एका गुणानं पुढं होतं. जिनिंगकडच्या बोर्डाखालून बॉल उंच खेळाडूच्या हाती लागला आणि तो एकटा स्टेशनकडे सुटला. मागून आमचा कप्तान. हा कप्तान गावाचा जीव की प्राण होता. पार्सलबाबू लांब मागं राहिले, त्यांच्यासमोर सगळ्या खेळाडूंचा घोळका. सर पूर्वेच्या रेघेवरून पळत होते, कप्तानाच्या अगदी बरोबरीनं, चार हातांवर. त्यांची डावी बाजू. कप्तानानं एकदा सरांकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी त्या उंच खेळाडूला पाठीतून ढकललं. तो तोंडावर पडला, फक्कीच्या रेघेवर, आणि घसरत गेला.

मी शिट्टी वाजवली. पळत गेले. मूठ वर, मग कप्तानाकडे हात. "फाऊल. दोन फ्री थ्रो."

टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "पाचवा फाऊल! कप्तान बाहेर!"

लोक उसळले. कुंपण वाकायला लागलं. कप्तान माझ्याकडे आलाच नाही, सरळ सरांकडे गेला. "सर, म्या हातच नाही लावला! तुम्ही तं बाजूलेच पळत होते! तुम्ही कुठी वाजवली शिट्टी?"

"बाईनं वाजवली," सर म्हणाले. "फाऊल हाये."

"बाई तिकडून पाहून राह्यल्या! तुम्ही इथं होते. तुम्ही सांगा नं सर, तुम्ही पाह्यलं काय? पाह्यलं का नाही, एवढंच सांगा!"

मागून लोक ओरडायला लागले, "सर, सांगा! सर, सांगा!" मी सरांकडे बघत होते. 'पाह्यलं' एवढं म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. मला वाटलं तेच म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं.

सरांनी हात वर केला. गलका कमी झाला.

"नाही पाह्यलं," ते म्हणाले. "मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही. दोन वर्सं झाले."

त्यांचा आवाज ड्रिलमास्तरचा होता, सगळ्या मैदानाला ऐकू जाणारा. कप्तानाचं तोंड उघडं राहिलं. पार्सलबाबू धापा टाकत येत होते ते अर्ध्या मैदानात थांबले. आठवडाभर मी उरात दाबून ठेवलेली गोष्ट त्यांनी भर सामन्यात, हजार माणसांसमोर, सांगून टाकली होती.

सर वळले आणि त्या उंच खेळाडूपाशी गेले. तो उठून उभा राहिला होता, तोंडावरची फक्की पुसत होता.

"मागल्या वर्सी तुले कोपर लागलं," सर म्हणाले, "थे मले दिसलं नाही. म्या गावची बाजू नाही घेतली. दिसलंच नाही."

"मंग तवाच सांगाचं नं, सर," तो म्हणाला. "तवाच सांगाचं नं."

"हो. तवाच सांगा लागत होतं."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि जाऊन बाजूच्या बाकावर बसले. मी तशीच उभी होते. त्यांनी तिथूनच मला हाक मारली, "बाई, खेळ सुरू करा. उभ्या काऊन राह्यल्या?"

मी बॉल त्या खेळाडूच्या हातात दिला. कोणी आवाज करत नव्हतं. गावचे लोकसुद्धा नाही. पहिला थ्रो आत गेला. दुसरा रिंगवर फिरून बाहेर पडला. बरोबरी झाली. मग कप्तानाच्या जागी आलेल्या एका बुटक्या खेळाडूनं लांबून बॉल टाकला, तो कसा कोण जाणे आत गेला, आणि आमचं गाव जिंकलं.

त्यानंतर जे झालं त्याचा धक्का मला सगळ्यात जास्त बसला. काहीच झालं नाही. लोक कुंपण ओलांडून आत आले, त्यांनी बुटक्याला खांद्यावर घेतलं, कप्तानालाही घेतलं, गुलाल उडाला, बाजा वाजला. जिंकल्यावर कोणाला डोळ्याचं काय आणि फाऊलचं काय! सर बाकावर बसले होते आणि मिरवणूक त्यांच्या समोरून निघून गेली. त्यांच्याजवळ आली ती फक्त मामी. आयुष्यात कधी परपुरुषाशी न बोललेली माझी मामी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, घरी चाला. चहा घ्या."

ते आले. चहा घेतला. फारसं बोलले नाहीत.

गाव विसरलं, पण शाळेच्या कमिटीला विसरता आलं नाही. एवढे दिवस लपवलं म्हणून सरांकडून ड्रिल काढून घेतली आणि त्यांना हपिसात बसवलं. ते तिथं फार टिकले नाहीत. राजीनामा देऊन सोनाळ्याला, भावांच्या शेतावर निघून गेले. पार्सलबाबूंची बदली झाली. पुढच्या वर्षी सामन्यांचा फलक लागला तेव्हा पंच पुन्हा दोन होते, दोघंही बाहेरून आणलेले. मला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. मी फलक दोनदा वाचून पाहिला, आपलं नाव नजरेतून सुटलं असेल म्हणून. घरी येऊन सांगितलं तर मामी माझ्यापेक्षा जास्त चिडली. "काऊन? तुयी शिट्टी खोटी निघाली होती काय?" बूट घालून पुरुषांत पळते म्हणून कपाळाला हात लावणारी हीच ती. पुरुषांच्या सामन्याला मी पुन्हा कधी उभी राहिले नाही. मुलींचे सामने मात्र निवृत्त होईपर्यंत केले, दर वेळी दोन पंचांत.

काही वर्षांनी मुलींचा संघ घेऊन संग्रामपूरला गेले होते. तिथून सोनाळा जवळ, म्हणून सरांना भेटायला गेले. ते मळ्यात, लिंबाखाली बाजेवर बसलेले होते. उजवा डोळाही मंदावला होता. मी "सर" म्हटल्यावर ओळखलं. भावजयीला चहा सांगितला. कोणाकोणाची चौकशी केली, मामीची विशेष. खेळाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी निघायला उठले तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक विचारू?"

"विचारा ना, सर."

"त्या दिवशी कप्तानानं खरंच ढकललं होतं नं?"

त्या एका शिट्टीवर त्यांनी आपली नोकरी, आपलं नाव, सगळं लावलं होतं. "फाऊल हाये" असं कप्तानाला ठणकावून सांगितलं होतं. आणि एवढी वर्षं ते हा प्रश्न पोटात घेऊन बसले होते.

"दोन्ही हातांनी, सर," मी म्हटलं. "पाठीतून. ढकलण्याआधी त्यानं तुमच्याकडे बघितलं होतं."

"मायाकडे?"

"हो. तुम्ही बघत नाही ना, हे बघायला."

सर हळूहळू हसायला लागले, अगदी खांदे हलेपर्यंत. "त्याले वाटलं असंन," ते म्हणाले, "सर पाहून राह्यले अन् गावासाठी सोडून देऊन राह्यले. म्हनूनच थो इतका चिडला होता!"

मला हसू आलं नाही. तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी पुन्हा बाजेवर बसले. गाडीला अजून वेळ होता.